भोकं पाडलेला दगड

गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरत होता. वाळूत अर्धा रुतलेला लांबट दगड, त्याला भोकं, आणि खाली मजकूर: 'बुडालेल्या प्राचीन नगरीचा खांब'. दोन दिवसांत दगडाला कुंकूही लागलं. आमच्या देवगडातल्या एका म्हाताऱ्या खलाशाने फोटो बघितला न बघितला आणि म्हणाला, "नांगर आसा तो."

असल्या दगडांना आपल्याकडे शास्त्राच्या पंक्तीत बसवलं ते एस. आर. राव (1922-2013) यांनी. गुजरातेतल्या लोथलची सिंधू संस्कृतीच्या काळातली गोदी उकरणारे पुरातत्त्वज्ञ ते हेच. नोकरीतून निवृत्त झाल्यावर, साठीला टेकलेले असताना, 1981 साली त्यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचं काम उभं केलं. पुढे द्वारकेच्या समुद्रात त्यांच्या पथकाला दगडी बांधकाम सापडलं. तिथेच नांगरही मिळाले. वर्तमानपत्रांना सोन्याची द्वारका हवी होती. माझा जीव अडकला तो नांगरांत.

कारण त्यात साधं, सुंदर गणित आहे. पाण्यात वस्तूचं वजन घटतं हे आर्किमिडीजने शाळेतच सांगून ठेवलंय. 100 किलोचा काळा पाषाण समुद्रात जेमतेम 65 किलो भरतो. नुसत्या वजनावर गलबत थांबवायचं म्हटलं तर केवढा दगड वाहून न्यावा लागेल! म्हणून वरच्या भोकात दोर आणि खालच्या दोन भोकांत लाकडी सुळे. सुळे वाळूत रुततात, शेतातल्या नांगरासारखेच. मराठीने दोघांना एकच नाव दिलंय ते उगाच नाही. पण दोर आखूड ठेवला तर सगळं फुकट. 10 मीटर खोलीत 12 मीटर दोर सोडला तर तो जमिनीशी सुमारे 56 अंशांचा कोन करतो, म्हणजे ओढ बरीचशी वरच्या दिशेने, आणि नांगर उपटतो. 50 मीटर सोडा, कोन 12 अंशांच्या आत येतो. ओढ आडवी होते आणि सुळे आणखी खोल जातात. (दोर ताठ धरलाय, प्रत्यक्षात तो झोळतो, पण ते गणित राहू दे.)

खडपात अडकलेला नांगर दोर कापून सोडून देत. त्यामुळे जिथे नांगरांचा ढीग, तिथे पूर्वी गलबतं थांबत असणार.

अडचण एकच. दगड आपलं वय सांगत नाही, आणि एकच घडण शतकानुशतकं चालते. रावांनी द्वारका महाभारतकाळाशी जोडली, त्यावर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या त्या यामुळेही. सिंधुदुर्ग-विजयदुर्गाच्या पाण्यात मिळालेले लांबट, वर निमुळते नांगर मात्र मध्ययुगातले मानतात. तसलेच ओमान आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही सापडलेत. कुंकू लागलेला तो दगडही दिसायला याच घराण्यातला.