टाइट एन्ड (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलच्या आक्रमक संघातील एक खेळाडू. आघाडीच्या ओळीत टॅकलला (ओळीच्या कडेला उभा राहून अडवणूक करणारा खेळाडू) लागून तो उभा राहतो. समोरच्याला अंगाने अडवणे आणि क्वार्टरबॅकने (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) फेकलेला चेंडू झेलणे, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. त्यामुळे त्याची शरीरयष्टीही मधली लागते : उंची साधारण १.९० ते २ मी. आणि वजन ११० ते १२० किग्रॅ. झेल, यार्ड (झेलांतून मिळवलेले अंतर) आणि टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण) यांची नोंद होते. अडवणुकीचा आकडा मात्र धावफलकावर कधीच येत नाही. या खेळाडूची निवड, मानधन आणि दुखापती समजून घ्यायच्या तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

डाव सुरू होताना आक्रमक संघाचे किमान सात जण चेंडू ठेवलेल्या जागेवरून जाणाऱ्या काल्पनिक रेषेवर असावे लागतात आणि त्यांपैकी फक्त दोन्ही टोकांचे खेळाडू पास झेलण्यास पात्र असतात. टाइट एन्डच्या बाहेरच्या बाजूला उभा असलेला रिसीव्हर (मुख्यतः पास झेलणारा खेळाडू) चुकून रेषेवर आला, तर टोक त्याचे होते आणि टाइट एन्ड अपात्र ठरतो. मग पासच्या डावात तो पुढे धावला तरी ५ यार्डांचा दंड बसतो. म्हणून त्या बाजूचा रिसीव्हर एक यार्ड मागे उभा राहतो आणि बाजूच्या पंचाकडे हात दाखवून आपली जागा पक्की करून घेतो. नवख्यांच्या हातून ही चूक वारंवार होते.

अडवणुकीचा पाया तीन टेकूंचा पवित्रा हा आहे : पाय खांद्याएवढे फाकलेले, एका हाताची बोटे जमिनीवर, पाठ सपाट. बोटांवर जास्त भार दिला की समोरचा ओळखतो, चेंडू घेऊन धावण्याचा डाव येतोय. भार टाचांवर गेला की तो पासचा अंदाज बांधतो. चेंडू सुटताच पहिले पाऊल जेमतेम १५ सेंमी.चे टाकायचे. ते लांब पडले तर एक पाय हवेत असतानाच धडक बसते आणि बचावाच्या ओळीच्या टोकाचा सव्वाशे किलोचा डिफेन्सिव्ह एन्ड त्याला मागे रेटत थेट चेंडूवाहकाच्या वाटेत नेऊन घालतो. दुसरे पाऊल टेकताना दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर बसले पाहिजेत, अंगठे वर आणि कोपरे अंगाशी. हात बाहेरून खांद्यांवर गेले तर धरल्याबद्दल १० यार्डांचा दंड होतो. मान खाली गेली तर समोरचा नुसता बाजूला सरकतो, आणि मणक्याला धोका असतो तो वेगळाच.

झेलण्याच्या कामात त्याचा सामना बचावाच्या मधल्या फळीतला लाइनबॅकर आणि सर्वांत मागचा सेफ्टी यांच्याशी असतो. पहिला त्याच्यापेक्षा संथ, दुसरा बहुधा त्याच्यापेक्षा हलका. ‘सीम’ मार्गात तो दोन सेफ्टींमधल्या फटीतून सरळ वर धावतो. ‘स्टिक’मध्ये पाच-सहा यार्डांवर थांबून क्वार्टरबॅककडे वळतो : बचाव क्षेत्रनिहाय (प्रत्येक बचावपटू ठरावीक जागा राखतो) असेल तर मोकळ्या जागेत तिथेच थांबायचे, माणूसनिहाय (प्रत्येक जण एकेका खेळाडूच्या मागे राहतो) असेल तर बाहेरच्या बाजूला निसटायचे. हा निर्णय धावता धावता घ्यावा लागतो आणि क्वार्टरबॅकनेही तोच घेतलेला असावा लागतो. दोघांचे वाचन जुळले नाही की चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. दोन कामांचे डावपेच एकाच वेळी शिकायचे असल्याने या जागेवर रुळायला दोन-तीन हंगाम लागणे स्वाभाविक आहे. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून टाइट एन्डला निकालात काढणारे संघ आपलेच नुकसान करून घेतात.

टोनी गोन्झालेस हे याचे ठळक उदाहरण. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संघांतून तो फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही खेळला. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगमधील संघांनी नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया) कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या हंगामात ३३ झेल आणि दुसऱ्यात ५९. पण दुसऱ्या हंगामात हातातून सुटलेल्या पासांनीच तो जास्त गाजला. त्यावर त्याने सरावाच्या आधी आणि नंतर जादा चेंडू झेलण्याची शिस्त लावून घेतली आणि ती शेवटपर्यंत मोडली नाही. १९९९ मध्ये ७६ झेल आणि ११ टचडाऊन, २००० मध्ये १,२०३ यार्ड, आणि २००४ मध्ये १०२ झेल. त्या वर्षी साऱ्या लीगमध्ये कोणत्याही जागेवरच्या खेळाडूने याहून जास्त झेल घेतले नव्हते. बास्केटबॉलमध्ये रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीवर रोखून धरतात, तसाच तो बचावपटू आणि चेंडू यांच्या मधोमध स्वतःचे अंग घालत असे. अशा वेळी अंतर मिळवायला वेग लागत नाही; म्हणूनच ही कला वयाबरोबर फारशी ओसरत नाही.

२००९ मध्ये तो अटलांटा फाल्कन्सकडे गेला. प्लेऑफमधला (हंगामाअखेरची बाद फेरी) पहिला विजय त्याला सोळाव्या हंगामात, जानेवारी २०१३ मध्ये, सिॲटल सीहॉक्सविरुद्ध मिळाला (३०–२८). शेवटच्या काही सेकंदांत क्वार्टरबॅक मॅट रायनने त्याच्याकडे फेकलेल्या १९ यार्डांच्या पासमुळे निर्णायक फील्ड गोल (चेंडू लाथाडून मिळणारे तीन गुण) शक्य झाला. सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) मात्र तो कधीच खेळला नाही. २०१३ अखेर निवृत्त होताना त्याच्या नावावर २७० सामने, १,३२५ झेल, १५,१२७ यार्ड आणि १११ टचडाऊन होते. १७ हंगामांत तो फक्त दोन सामन्यांना मुकला. एवढे सातत्य या जागेवर जवळजवळ अशक्य मानावे लागेल. २०१९ मध्ये पात्र होताच पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंची सन्मानयादी) त्याची निवड झाली. टचडाऊनमध्ये त्याच्या पुढे असलेला अँटोनियो गेट्स (११६) कॉलेजमध्ये फक्त बास्केटबॉल खेळला होता आणि २००३ मध्ये ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडता संघात आला.

रॉब ग्रॉन्कोव्स्कीची वाट अगदी वेगळी होती. २०११ मध्ये त्याने १७ टचडाऊन झेलले. टाइट एन्डसाठी एका हंगामातला तो विक्रम आहे. २०१२ मध्ये त्याचा हात मोडला तो झेलताना नव्हे, तर टचडाऊननंतरच्या जादा गुणाच्या किकसाठी अडवणूक करताना. २०१३ मध्ये गुडघा गेला, पाठीवर वेळोवेळी शस्त्रक्रिया झाल्या, आणि २०१९ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी त्याने पहिल्यांदा निवृत्ती घेतली. डोक्यावरच्या आघातांचे नियम कडक झाल्यापासून बचावपटू खाली, गुडघ्यांवर झेपावतात, अशी टाइट एन्डांची तक्रार आहे. उंच खेळाडू हवेतून उतरताच पाय जमिनीत रोवला जातो. त्या क्षणी बाजूने धडक बसली की अस्थिबंध तुटतात.

मानधनाचा प्रश्न जिमी ग्रॅहमच्या वादात उघड झाला. २०१४ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सने त्याला ‘फ्रँचायझी टॅग’ लावला. या तरतुदीने संघ खेळाडूला एका वर्षासाठी राखून ठेवतो आणि रक्कम त्याच्या जागेवरच्या सर्वोच्च मानधनांवरून ठरते. टाइट एन्डसाठी ती सुमारे ७० लाख डॉलर होती, वाइड रिसीव्हरसाठी १ कोटी २३ लाख. ग्रॅहम बहुतेक वेळा ओळीपासून दूर उभा राहत असे, म्हणून आपल्याला रिसीव्हर मानावे असा त्याचा दावा होता. लवादाने तो फेटाळला : टॅकलपासून चार यार्डांच्या आत उभा राहणारा टाइट एन्डच, असा निष्कर्ष निघाला. पुढे ४ वर्षांसाठी ४ कोटी डॉलरचा करार झाला; पण झेल रिसीव्हरइतके आणि दर टाइट एन्डचा, ही विसंगती त्या निकालाने कायम ठेवली.

५३ जणांच्या संघात टाइट एन्ड बहुधा तीन असतात. तिसऱ्याचे पोट अडवणुकीवर आणि किकच्या डावांतील धावपळीवर चालते. त्याला हंगामात चार-पाचच झेल मिळाले तरी त्याची जागा टिकते; पहिले पाऊल चुकू लागले की मात्र जाते.