व्हिपलनंतर गुंतागुंत होणं वेगळं, तिच्यातून रुग्ण न वाचणं वेगळं

स्वादुपिंडाच्या डोक्यातली कॅन्सरची गाठ काढायचं ऑपरेशन म्हणजे व्हिपल. ते कुठं करायचं याची चर्चा सुरू झाली, की सांगली-मिरजेत काय आणि कराड-साताऱ्यात काय, एक वाक्य हमखास येतं: ‘तिथं नको, तिथं लीक होतात’, म्हणजे स्वादुपिंडाचा जोड झिरपतो. इथं गुंतागुंतीचा आणि मृत्यूचा अशा दोन आकड्यांची गल्लत होते, आणि तिच्यावरून हॉस्पिटलची निवडही चुकते.

मृत्यूचा आकडा सगळ्यांना कळतो. तो फक्त ३० दिवसांचा नव्हे, ९० दिवसांचा विचारा. काही रुग्ण महिनाभर झुंजून मग दगावतात.

घोळ आहे तो गुंतागुंतीच्या आकड्यात. अनुभवी केंद्रांत व्हिपलनंतरचे मृत्यू आता ५ टक्क्यांच्या आत आले आहेत, पण गुंतागुंत तिथंही ३० ते ५० टक्के रुग्णांना होतेच. स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ आणि त्यातली नळी बारीक असेल, तर कसलेल्या सर्जनने आतड्याला घातलेला जोडही झिरपू शकतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, जनरल आणि रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशन्सवरच्या एका अभ्यासात जास्त आणि कमी मृत्यूंच्या हॉस्पिटलांत एकूण गुंतागुंत जवळपास सारखीच निघाली: २४.६ आणि २६.९ टक्के. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी मात्र पहिल्या गटात २१.४ टक्के दगावले, दुसऱ्यात १२.५. फरक पडला तो सावरण्यात.

सावरायचं म्हणजे काय करायचं? तिसऱ्या दिवसापासून ड्रेनच्या (पोटात ठेवलेल्या नळीच्या) पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम, बघायचं. ते रक्तातल्या नॉर्मल कमाल पातळीच्या तिपटीवर गेलं, की सावध व्हायचं. ताप आला, नाडी वाढली, तर सीटी करायचं आणि पू साठला असेल तर सुईच्या वाटेने नवी नळी घालायची. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे काही दिवसांनी ड्रेनमध्ये येणारं थोडंसं ताजं रक्त. आपोआप थांबलं म्हणून ते सोडून देतात, आणि घात होतो तो इथेच. ऑपरेशनमध्ये बांधलेल्या धमनीचं टोक झिरपलेल्या रसाने कुरतडलेलं असू शकतं, आणि पुढचा रक्तस्राव प्रचंड असतो. तातडीने सीटी अँजिओग्राफी करून, मांडीतून तार नेऊन धमनीत रक्त थांबवणारी कॉईल बसवावी लागते. हे मध्यरात्री करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट नसेल, तर पुणे गाठेपर्यंत वेळ उरत नाही.

म्हणून ‘आमच्याकडे लीक होतच नाही’ असं सांगणाऱ्या ठिकाणाबद्दल आधी शंका घ्या. तिथं केसेस तरी मोजक्या असतात किंवा नोंदी तरी ठेवत नाहीत. केसेसची संख्या फार महत्त्वाची आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मेडिकेअरच्या (अमेरिकेतल्या मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) आकडेवारीत, स्वादुपिंडाचा भाग काढण्याचं वर्षाला सरासरी एकही ऑपरेशन न होणाऱ्या अमेरिकन हॉस्पिटलांत मृत्यू १६.३ टक्के होते, १६ हून जास्त होणाऱ्यांत ३.८.

तेव्हा विचारायचं ते हे: वर्षाला व्हिपल किती होतात, गुंतागुंत झालेल्यांपैकी किती जण घरी गेले, रात्री कॉईल कोण बसवतं, रक्तपेढी आवारातच आहे का. आणि जत-आटपाडीला किंवा माण-खटावला घरी गेल्यावर ताप आला किंवा ड्रेनमध्ये लाल दिसलं, तर गावात सलाईन लावत बसू नका. ऑपरेशन जिथं झालं तिथं फोन करा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याच दिवशी निघा.