भूकंपात दाराच्या चौकटीत उभं राहायचं?

शाळेच्या आपत्कालीन नकाशावर दाराच्या चौकटींना ‘सुरक्षित जागा’ म्हणून हिरवा रंग दिलेला दिसला, तर तो आधी खोडा. समज जुना आहे. मातीच्या विटांचं घर कोसळलं तरी लाकडी चौकट कधीकधी उभी राहायची, त्यावरून तो पसरला. आजच्या इमारतीत चौकट बाकीच्या भागापेक्षा मजबूत नसते. उलट हादऱ्याने दार आपटतं, बोटं चेंगरतात. आणि अख्खा वर्ग एका चौकटीत मावणार कसा? खाली बसा, बाकाखाली शिरा, त्याचा पाय घट्ट धरा. बाहेर पडायचं ते हादरे थांबल्यावर. नकाशातलं दार त्यासाठी. नकाशाही पाहणाऱ्याच्या दिशेनेच लावा. डावीकडचा जिना कागदावर उजवीकडे दिसला, तर घाईत मूल चुकणारच.