सीटी स्कॅनमधल्या डागावरून जीन ओळखता येतो का?

निपाणी-चिकोडी भागात कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, बिडी ओढत होते का? तंबाखूचाच पट्टा आमचा, त्यामुळं प्रश्न चुकीचा नाही म्हणा. पण बिड्या वळण्यात जन्म गेला तरी एकही ओढली नाही अशा बाईला हा आजार होतो तेव्हा लोक गप्प बसतात, आणि डॉक्टर ईजीएफआरची टेस्ट लिहून देतात.

ईजीएफआर हा पेशीला 'वाढ' असा निरोप देणारा जीन, म्हणजे जनुक. तो बिघडला की निरोप थांबतच नाही, पेशी वाढतच राहतात. सिगरेट-बिडी न ओढणाऱ्यांत, त्यातही आशियातल्या बायकांत हा बिघाड जास्त दिसतो. २००४ साली कळलं की जेफिटिनिब नावाची गोळी ज्यांना जोरात लागू पडते त्यांच्या गाठीत बहुतेक वेळा हाच बिघाड असतो. २००७ मध्ये एएलके नावाचा दुसरा बिघाड सापडला, त्याच्या गोळ्या वेगळ्या. म्हणजे आजाराचं नाव एकच, पण औषध ठरतं जीनवरून.

आता जीन बघायचा तर गाठीचा तुकडा हवा, त्यासाठी छातीत सुई घालायची, आणि पेशंट आधीच धापा टाकत असतो. मग सीटी स्कॅन तर झालेलाच आहे, त्यातूनच काही कळेल का? या शोधाला रेडिओजिनॉमिक्स म्हणतात. पान बघून तंबाखू कसल्या रानातला ते सांगणारे जुने शेतकरी असतात, तसलाच हा प्रकार.

ईजीएफआर बिघडलेल्या काही गाठी स्कॅनमध्ये घट्ट पांढऱ्या नसून धुरकट, दुधी काचेसारख्या दिसतात. कारण सरळ आहे, तिथं पेशी हवेच्या पिशव्यांच्या भिंतीला चिकटून पसरतात आणि आत हवा शिल्लक राहते. एएलकेवाल्या गाठी बहुधा भरीव असतात. पण प्रत्येक धुरकट डाग ईजीएफआरचा नसतो, साध्या इन्फेक्शननंही तसं दिसतं.

सीटीमधला प्रत्येक ठिपका म्हणजे मुळात एक आकडा, हवा उणे १०००, पाणी शून्य. ते आकडे घेऊन कॉम्प्युटर गाठीचा आकार, कड, पोत मोजतो. २०१४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात १०१९ पेशंटच्या स्कॅनवर अशी ४४० मापं काढली, आणि त्यातल्या काहींचा संबंध गाठीतल्या जीनच्या हालचालीशी लागला.

म्हणून सुई सुटली असं नाही हं. स्कॅनवरून अंदाज मिळतो, गोळी सुरू करायला तुकड्याची नाहीतर रक्ताची जीन टेस्टच लागते. मला यातला खरा फायदा वेगळा वाटतो. सुई गाठीच्या एकाच कोपऱ्यातनं तुकडा आणते, आणि गाठ सगळीकडं सारखी नसते. स्कॅनमध्ये मात्र अख्खी गाठ दिसते आणि तो परत परत काढता येतो, त्यामुळं सुई कुठं घालायची, गोळीनंतर कुठला भाग बदलला, हे बघायला तो कामाचा.

अडचण मशीनची पण आहे. स्कॅन म्हणजे शरीराच्या एकेका कापाचं चित्र, एका सेंटरवर १ मिलिमीटर जाडीचे काप, दुसऱ्यावर ५ चे, की झाले आकडे वेगळे. शिवाय परदेशातल्या स्कॅनवर शिकवलेला प्रोग्रॅम आपल्याकडच्या जुन्या टीबीच्या वणांपुढं फसू शकतो.

बेळगावातनं मिरज, कोल्हापूर नाहीतर हुबळीला दुसरं मत घ्यायला जाताना लोक मोठी काळी फिल्म गुंडाळून नेतात. फिल्मवर सगळे आकडे उतरत नाहीत, म्हणून सेंटरवरून डायकॉम फाईलची (स्कॅनचे मूळ आकडे असलेली कॉम्प्युटर फाईल) सीडी किंवा पेन ड्राईव्ह मागून घ्यायचा, आणि त्यात पातळ कापांचा डेटा आहे का ते तिथंच विचारायचं.