हातात गिंबल आहे, मग जिब कशाला?

लग्न शूट करणारा असो, रेसिपी चॅनेलवाला असो की शॉर्टफिल्मचा नाद लागलेला कॉलेजकुमार, ‘स्मूथ शॉट’ म्हटलं की सगळ्यांचा हात आधी गिंबलकडे, म्हणजे मोटरींनी कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या हातातल्या साधनाकडे जातो. साहजिक आहे. 2013 साली फ्रीफ्लाय कंपनीचा मोव्ही हा गिंबल आला, 2014 मध्ये डीजेआय कंपनीचा रोनिन आला, आणि तेव्हा दोन्ही हातांनी पेलायचं ते धूड पुढे आकसत आकसत एका मुठीत मावायला लागलं. आज डीजेआयच्या आरएस 3 मिनीसारखा छोटा गिंबलसुद्धा 2 किलोपर्यंतचा कॅमेरा-लेन्स पेलतो. मग जिब, म्हणजे ट्रायपॉडवर टेकवलेला लांब दांडा, आणि त्याच्या तोलासाठी व्यायामशाळेतल्या प्लेटा घेऊन कोण फिरणार?

ज्याला कॅमेरा ठरलेल्या वाटेने न्यायचा आहे, तो फिरणार. गिंबल कॅमेऱ्याचा कोन सांभाळतो, जिब कॅमेऱ्याची वाट सांभाळतो. पडद्यावर दोन्ही शॉट गुळगुळीत दिसतात म्हणून ही एकाच कामाची दोन साधनं वाटतात. ती तशी नाहीत, आणि एकाच्या जागी दुसरं वापरायला गेलं की चिडचिड होते.

गिंबलमध्ये तीन मोटरी असतात. डावी-उजवीकडे वळणं, वर-खाली झुकणं आणि क्षितिज तिरकं होणं, या तीन गोष्टी आतला सेन्सर पकडतो आणि मोटर लगेच उलट फिरून कॅमेरा जागेवर आणते. इथवर चोख काम. पण अख्खा कॅमेराच पावलागणिक दोन-तीन सेंटिमीटर वर जाऊन खाली आला तर? कोन तर बदललेलाच नाही! त्यामुळे मोटरींना करण्यासारखं काही उरत नाही आणि चालण्याचा हेलकावा जसाच्या तसा फुटेजमध्ये येतो. डोंगर, किल्ल्याची तटबंदी असं लांबचं काही वाइड लेन्सने घेत असाल तर तो जाणवतही नाही. कॅमेऱ्यासमोर हातभरावर खांब, झाडाची फांदी किंवा टेबलाची कड आली, की लगेच दिसतो. म्हणून गिंबलवाले गुडघे वाकवून, टाच आधी टेकवून, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखे चालतात. किंवा सेकंदाला 50 फ्रेमवर शूट करून एडिटिंगमध्ये 25 च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने लावतात. हेलकावा जात नाही, पण सुस्त होतो. लग्नाच्या व्हिडिओत इतकं स्लो मोशन का असतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आता उभ्या चालीचा शॉट घ्या. पाटाभोवतीच्या रांगोळीपासून उठायचं आणि एका दमात दाराच्या तोरणापर्यंत पोचायचं. गिंबल हातात धरून करून बघा. गुडघ्यापासून कमरेपर्यंत ठीक जातं. छातीपाशी कोपराची घडी बदलते, मनगट नवी पकड घेतं, आणि नेमका तिथे वेग तुटतो. पुढे हात डोक्यावर ताणला की थरथर सुरू. कोन शेवटपर्यंत स्थिर, चाल मात्र अडखळलेली. यात गिंबलचा काही दोष नाही. ते त्याचं कामच नाही.

जिबचं तंत्र अगदी जुनं आहे, साधी तरफ. ट्रायपॉडवर टेकू, पुढच्या टोकाला कॅमेरा, मागच्या टोकाला वजनं. बहुतेक छोट्या जिबमध्ये एकावर एक दोन समांतर नळ्या असतात. त्यामुळे दांडा कितीही वर-खाली झाला तरी कॅमेरा त्याच झुकावात राहतो, आकाशाकडे किंवा जमिनीकडे तोंड करत नाही. ना बॅटरी, ना कॅलिब्रेशन.

हिशेब सोपा आहे. टेकूपासून पुढचा दांडा 90 सेंटिमीटर, मागचा 30, म्हणजे प्रमाण तिनास एक. कॅमेरा, लेन्स आणि कॅमेरा बसवायचं छोटं हेड मिळून 2 किलो असेल तर मागे 6 किलो लागतील. पुढच्या दांड्याचं स्वतःचं वजन असतंच, त्यासाठी आणखी किलोभर धरा. एवढ्या दांड्याला आडव्या रेषेच्या 45 अंश वर आणि 45 अंश खाली फिरवलं तर कॅमेरा जवळजवळ सव्वा मीटर उंची कापतो. उंबऱ्यापासून माणसाच्या छातीपर्यंत, एका बोटाच्या रेट्याने. तोल नीट साधला असेल तर हात सोडल्यावर दांडा असेल तिथे थांबतो. वर थांबतो पण खाली सरकतो, असं होत असेल तर वजनं थोडी मागेपुढे करा आणि दांडा वर, मध्ये, खाली अशा तिन्ही ठिकाणी पुन्हा बघा.

आता जिबच्या खोड्या. कॅमेरा सरळ रेषेत चढत नाही, वर्तुळाच्या कंसात चढतो. वरच्या हिशेबातल्या दांड्याला आडव्या स्थितीत कॅमेरा सगळ्यात पुढे असतो, तर दोन्ही टोकांना सुमारे 26 सेंटिमीटर मागे आलेला असतो. समोर वाडा असेल तर फरक शून्य. समोर मीटरभरावर पुरणपोळीचं ताट असेल तर फोकस गेलाच म्हणून समजा. अशा वेळी वाइड लेन्स लावा, अ‍ॅपर्चर 5.6 किंवा 8 वर न्या (लेन्सचं छिद्र लहान, फोकसमध्ये राहणारा पट्टा मोठा), किंवा ऑटोफोकसवर तेवढा भरवसा असेल तर त्याच्यावर सोडा.

दुसरी खोड आडव्या झोक्याची, आणि नवख्यांना ती फार छळते. दांडा उजवीकडे फिरवला की कॅमेऱ्याचं तोंडही उजवीकडे वळतं, कारण ते टेकूपासून बाहेरच्या दिशेला बघत असतं. म्हणजे नवरीभोवती सरकत जायचं ठरवता आणि नवरीच फ्रेमबाहेर जाते. मोठ्या समारंभात जी लांबलचक क्रेन भाड्याने येते, जिला आपल्याकडे सरसकट ‘जिमी जिब’ म्हणतात, तिच्या टोकाला म्हणूनच रिमोटवर वळणारं हेड असतं आणि मागे उभा असलेला ऑपरेटर मॉनिटर बघत ते फिरवत असतो. तीन-चार फुटी घरगुती जिबकडून त्या शॉटची अपेक्षा करू नका. त्याची खरी ताकद वर-खाली जाण्यात आहे. आडवं सरकायचं तर थोडंसंच.

चाल दिसण्यासाठी मात्र कॅमेऱ्याजवळ काहीतरी हवं. मोकळ्या मैदानात जिब वर नेला तर प्रेक्षकाला कळणारही नाही की कॅमेरा उठला. तुळशी वृंदावनाच्या मागून उठा. आधी फ्रेममध्ये नुसती कुंडी आणि पानं, मग पानांच्या वरून हळूहळू अंगण उलगडतं, मग ओसरीवर बसलेली आजी. जवळची पानं झरझर खाली जातात, आजी जवळपास जागेवरच राहते, आणि या दोन वेगांतल्या फरकामुळे शॉटला खोली येते. हाच शॉट गिंबलवर घेतलात तर पानांच्या कडेवर प्रत्येक थरथर उमटेल.

तरी नवरदेवाच्या वरातीत मी जिब नेणार नाही. गर्दीत मागचं टोक कुणाच्या कपाळाला लागेल सांगता येत नाही, आणि क्षण तुमच्यासाठी थांबत नाहीत. माणसामागे चालायचं, जिना चढायचा, अरुंद बोळातून जायचं, तिथे गिंबलच. विषय एका जागी आहे आणि शॉट पुन्हा घेता येतो, म्हणजे रेसिपी, दागिने, मूर्तिकाराचा कारखाना, मुलाखतीची सुरुवात, तिथे जिब. गिंबल आधीपासून असेल आणि अशी कामं मिळत असतील, तर त्याहून भारी गिंबल घेण्यापेक्षा साधा जिब घेणं माझ्या मते केव्हाही शहाणपणाचं.

पैसे वाचवायचे तर दांड्यावर वाचवा, ट्रायपॉडवर नको. 2 किलोचा कॅमेरा, 7 किलो वजनं, जिबचे स्वतःचे तीनेक किलो, असा 12 किलोंचा भार त्या तीन पायांवर येतो. फोटोग्राफीचा हलका ट्रायपॉड तो कदाचित पेलेलही, पण दांडा फिरवायला लागला की त्याचे पाय पिळवटतात आणि सोडल्यावर परत उलगडतात; शॉटच्या शेवटी दिसणारा तो झटका बहुतेक वेळा तिथला असतो. जाड पायांचा व्हिडिओ ट्रायपॉड घ्या, मधला कॉलम वर काढू नका, खाली वाळूची पिशवी अडकवा. वजनं मात्र जिबबरोबर मागवू नका. गावातल्या खेळाच्या दुकानात प्लेटा मिळतात. फक्त जिबचा मागचा दांडा मोजून न्या.

जोडताना आधी कॅमेरा, मग वजनं. काढताना आधी वजनं, मग कॅमेरा. हा क्रम चुकवू नका. वजनं लावलेली असताना कॅमेरा सोडवला तर मागचं टोक धाडकन खाली येतं, पुढचं हनुवटीच्या दिशेने वर उसळतं आणि ट्रायपॉड आडवा होऊ शकतो. पॅकअपच्या घाईत हे हमखास घडतं, कारण सगळ्यांना आधी महागाचा कॅमेरा बॅगेत टाकायचा असतो.

दोन्ही साधनं असतील तर जिबच्या टोकाला गिंबल लावून बघा. लॉक मोडवर ठेवलेला गिंबल आपली दिशा सोडत नाही, त्यामुळे दांडा आडवा फिरला तरी कॅमेरा समोरच बघत राहतो. ती झोक्याची खोड बरीचशी मिटते. वाट जिब सांभाळतो, कोन गिंबल. फक्त गिंबलचं किलोभर वजन पुढे वाढलं की तिनास एकच्या हिशेबाने मागे आणखी तीन किलो चढवावे लागतात आणि ट्रायपॉडवरचा भार एकूण चार किलोंनी वाढतो, हे धरून चाला. आणि कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आधी बंद करून एक टेक घ्या. ते चालू असलं की कधी कधी मुद्दाम केलेल्या हालचालीलाही हलणं समजून विरोध करतं आणि फ्रेम मधेच ओढल्यासारखी दिसते.

स्वस्त जिब दुकानात बघताना लांबीकडे नंतर बघा. दांडा आडवा धरा, पुढचं टोक चिमटीत पकडून डावी-उजवीकडे हलवा. सांध्यांत खडखड आली, तर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. वर-खालीची सैल पकड स्क्रू आवळून सुधारते, आडवी सहसा नाही.