शाळेतल्या स्पीच थेरपीचं बिल मेडिकेडकडे कसं गेलं

अमेरिकेत मुलाचं आयईपी झालं (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा जो लेखी प्लॅन करते तो) की कागदांच्या गठ्ठ्यात बऱ्याचदा एक फॉर्म असतो, मेडिकेडला बिल लावायला परवानगी द्या म्हणून. तो बघून आपली मंडळी दचकतात, शाळा तर फुकट ना, मग हे सरकारी इन्शुरन्सचं मध्येच काय? त्यात मेडिकेड म्हणजे गरिबांसाठी असं डोक्यात बसलेलं, पण बऱ्याच राज्यांत दिव्यांग मुलांना आईबाबांच्या पगाराकडे न बघताही ते मिळू शकतं, त्यामुळे आयटीवाल्यांच्या घरीसुद्धा हा फॉर्म येऊ शकतो.

मेडिकेड १९६५ चं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळातलं. तेव्हा शाळेचा त्यात काही संबंध नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेव्हा दिव्यांग मुलं शाळेतच नव्हती, दहा लाखांहून जास्त मुलांना शाळेने सरळ बाहेर ठेवलेलं. मग १९७२ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या मिल्स केसमध्ये कोर्टाने ठणकावलं की पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. त्यानंतर १९७५ चा कायदा आला, ज्याला आज आयडीईए म्हणतात. प्रत्येक मुलाला योग्य शिक्षण मोफत, त्यासाठी लागणारी स्पीच थेरपी, ओटी (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी ऑक्युपेशनल थेरपी), फिजिओथेरपी पण मोफत. आणि केंद्र सरकार किती देणार, तर देशात एका विद्यार्थ्यावर सरासरी जेवढा खर्च होतो त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही करतानाच बोलून दाखवलं होतं की हे आश्वासन सरकारला झेपणारं नाही, आणि झालंही तसंच, पूर्ण ४० टक्के आजतागायत आलेले नाहीत, अलीकडे तर १५ टक्केसुद्धा भरत नाहीत. पुढची सगळी भानगड या खड्ड्यातून सुरू होते.

त्यात कोर्ट जबाबदारी वाढवत गेलं. १९८४ मध्ये टेक्सासच्या एका मुलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की दर काही तासांनी कॅथेटर घालणं हे शाळेने करायचंच, कारण त्याशिवाय ती वर्गात बसूच शकत नाही. आता हे शिक्षण की आरोग्य? शाळा म्हणायची आरोग्य, मेडिकेड म्हणायचं तुमच्या आयईपीत लिहिलंय ना, मग तुमचं तुम्ही बघा.

ही टोलवाटोलवी १९८८ मध्ये थांबली, आणि गंमत म्हणजे ज्या कायद्यात हे कलम होतं तो मुळात म्हाताऱ्यांच्या मेडिकेअरचा होता. त्याच्या जादा करावरून ज्येष्ठ इतके भडकले की १९८९ मध्ये शिकागोत त्यांनी रोस्टेनकाउस्की या बड्या खासदाराची गाडीच अडवली. त्याच वर्षी काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कायद्याचा बराचसा भाग गुंडाळला. पण कोपऱ्यातलं ते छोटं कलम वाचलं: सेवा आयईपीत लिहिली आहे एवढ्याच कारणावरून मेडिकेडचे पैसे नाकारता येणार नाहीत. नाहीतर मेडिकेड म्हणजे बाकी सगळ्यांनी भरून झाल्यावर शेवटी भरणारं खातं, इथे मात्र ते शाळेच्या आधी भरतं.

दार उघडल्यावर गर्दी झालीच. नव्वदच्या दशकात बिलिंग कन्सल्टंट आले, टक्केवारीवर काम करणारे. २००० मध्ये केंद्राच्या ऑडिट खात्याने दाखवलं की काही ठिकाणी शाळेने खर्च केलेल्या १०० डॉलरमागे शाळेच्या हातात जेमतेम साडेसात परत पडत होते, केंद्राच्या पैशांतला मोठा वाटा राज्य सरकार आणि कन्सल्टंटकडे जायचा. न्यूयॉर्कवर तर स्पीच थेरपी आणि बसच्या बिलांवरून खटला झाला आणि २००९ मध्ये राज्य आणि शहर मिळून ५४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बुश सरकारने २००७ मध्ये प्रशासकीय खर्च आणि बसचे पैसे बंद करायचा नियम आणला, काँग्रेसने तो अडवून धरला, ओबामा आल्यावर तो रद्द झाला. या सगळ्यातून थेरपिस्टच्या मागे कागदपत्रं लागली ती कायमची.

आणखी एक अडचण होती, जी सेवा सगळ्यांना फुकट देता तिचं बिल मेडिकेडला लावायचं नाही. आयईपीवाल्या मुलांना यातून सूट होती, पण शाळेतल्या नर्सने मेडिकेडवाल्या दुसऱ्या एखाद्या मुलाचा दमा बघितला तर क्लेम नाही. हे डिसेंबर २०१४ मध्ये बदललं, पण बऱ्याच राज्यांना आपले मेडिकेडचे प्लॅन बदलून घ्यावे लागले, त्यात वर्षं गेली. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर जो बंदुकांचा कायदा झाला त्यात मानसिक आरोग्यासाठी म्हणून शाळेतल्या मेडिकेडचे नियम सोपे करायला सांगितलं आणि राज्यांना ५ कोटी डॉलर ठेवले, मग २०२३ मध्ये नवीन गाईड आलं. त्याआधीची गाईडं १९९७ आणि २००३ ची होती म्हणजे बघा.

राहिला तो फॉर्म. २०१३ पासून सही एकदाच घेतात, नंतर दरवर्षी फक्त नोटीस येते. नाही म्हणालात तरी थेरपी थांबवता येत नाही, तुमच्याकडून कोपे (दर वेळी खिशातून भरायचा वाटा) घेता येत नाही, आणि शाळेच्या बिलामुळे मुलाच्या बाहेरच्या थेरपीचे तास कमी होणार असतील तर शाळेने ते बिल लावायचंच नाही असा नियम आहे, तेवढं मात्र सही करण्याआधी नीट विचारून घ्या.