हुकावर उरलेल्या गाड्या : खेळण्यांच्या दुकानांवर संग्राहक नाराज का आहेत

मुंबई-पुण्यातल्या मॉलमधील खेळण्यांच्या दुकानात एखादा चाळिशीचा गृहस्थ हुकांना लावलेली छोट्या गाड्यांची पाकिटे एकेक करून मागे सरकवीत उभा दिसला, तर तो मुलासाठी भेटवस्तू निवडत नाही, हे विक्रेत्याच्या लगेच लक्षात येते. त्याला एक ठरावीक गाडी हवी असते, बहुधा ठरावीक रंगातली, आणि बहुतेक वेळा ती मिळत नाही. गेल्या महिन्यात पाहिलेलीच चार-पाच मॉडेले पुन्हा हाती लागतात आणि तो रिकाम्या हाताने बाहेर पडतो. आता पूर्वीसारखा माल येत नाही, अशी तक्रार छोट्या गाड्या आणि ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलणाऱ्या छोट्या बाहुल्या, जमवणाऱ्या प्रौढांकडून गेली पाच-सहा वर्षे सतत ऐकू येते. बालपणाच्या आठवणींत रमणाऱ्यांचा हळवेपणा म्हणून ती सोडून दिली जाते. पण दुकानातला माल बदलण्यामागे प्रत्येक वेळी कुठे ना कुठे घेतलेला एक निर्णय होता आणि त्यांतील बरेचसे निर्णय तारखेनिशी सांगता येतात.

ऐंशीच्या दशकापर्यंत परदेशी खेळणे भारतातल्या दुकानात जवळजवळ नसायचेच. ते यायचे आखातातून सुट्टीवर आलेल्या मामाच्या बॅगेतून. आयातीवर निर्बंध असल्यामुळे परदेशी कंपन्यांना इथल्या ग्राहकापर्यंत पोहोचायचे, तर इथल्या उद्योगाशी करार करून माल इथेच बनवणे हाच मार्ग होता. व्हीआयपी सुटकेस बनवणाऱ्या ब्लो प्लास्ट कंपनीचा ‘लिओ’ हा खेळण्यांचा विभाग होता. त्याने अमेरिकेतील मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीशी हातमिळवणी केली आणि हॉट व्हील्सच्या गाड्या, ही-मॅनच्या बाहुल्या भारतात तयार होऊ लागल्या. टायर बनवणाऱ्या एमआरएफने हॅस्ब्रो या दुसऱ्या अमेरिकी खेळणी कंपनीच्या सहकार्याने 1987 मध्ये फनस्कूल सुरू केली आणि तिच्या गोव्यातील कारखान्यातून जी. आय. जोचे पावणेचार इंचांचे सैनिक बाहेर पडू लागले.

या काळातला माल मर्यादित होता, हे मान्यच करायला हवे. परदेशात वापरून झालेले साचे इथे यायचे आणि त्यांतून वर्षानुवर्षे तीच मॉडेले निघायची. पण रंग मात्र इथे हाताशी असतील ते वापरले जात. त्यामुळे अमेरिकेत जो सैनिक हिरव्या-करड्या वेषात विकला गेला, तो इथे भलत्याच रंगांच्या वेषात आला, आणि ‘लिओ’च्या हॉट व्हील्स गाड्या जगात दुसरीकडे कुठेही न मिळणाऱ्या छटांत रंगल्या. अमेरिकेतली जी. आय. जोची ही मूळ मालिका 1994 मध्ये थांबली, तरी फनस्कूलचे उत्पादन पुढेही चालू राहिले. म्हणून परदेशातले संग्राहक भारतीय माल शोधू लागले आणि आज ते त्याला चांगली किंमत देतात. माझ्याकडे असा एक सैनिक आहे. त्याचे धड आणि पाय आतल्या बाजूने एका काळ्या रबरी कडीने जोडलेले आहेत. तीस वर्षांनी ते रबर वाळून तुटले आणि सैनिकाचे कमरेतून दोन तुकडे झाले. पाठीवरचा एक बारीक स्क्रू काढून नवी कडी घातली की तो पुन्हा उभा राहतो. ही दुरुस्ती ज्याने एकदा केली आहे, त्याला खेळणे आतून कसे बनले आहे ते कळते, आणि संग्रहाची ओढ पुष्कळांना तिथूनच लागते.

1 एप्रिल 2001 रोजी आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले. त्यानंतरच्या पंधरा-अठरा वर्षांत दुकानांचे रूपच पालटले. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या घाऊक गल्ल्यांत चिनी खेळण्यांचे खोके येऊन पडू लागले, मॉलमध्ये खेळण्यांची मोठी दालने उघडली, आणि हॉट व्हील्स व मॅचबॉक्सच्या जोडीला मेस्टो, बुरागो, वेली, मेजोरेट ही नावे सर्रास दिसू लागली. जानेवारी 2009 मध्ये केंद्र सरकारने चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली होती. पण थोड्याच आठवड्यांत ती सैल झाली आणि सुरक्षिततेचे प्रमाणपत्र असलेला माल पुन्हा येऊ लागला. आज चाळिशीत असलेल्या संग्राहकाला पहिला पगार मिळाला, तो याच काळात. लहानपणी जे परवडले नाही, ते आता समोर होते आणि खिशात पैसे होते. ‘पूर्वीसारखा माल’ म्हणताना त्याच्या मनात असतात ती हीच वर्षे.

मात्र या बहराच्या काळातही तक्रारीचे एक मूळ होते आणि ते मालाच्या खोक्यात होते. हॉट व्हील्सची सुरुवात 1968 मध्ये 16 गाड्यांनी झाली. आता नेहमीच्या मालिकेत, म्हणजे ज्याला संग्राहक ‘मेनलाइन’ म्हणतात तीत, वर्षाला सुमारे 250 मॉडेले निघतात. दुकानदार त्यांतून निवड करू शकत नाही. कंपनी 72 गाड्यांचे खोके भरून पाठवते, त्यावर इंग्रजी अक्षराचा सांकेतिक क्रम असतो आणि कोणत्या खोक्यात कोणते मॉडेल किती नग असणार, हे कारखान्यातच ठरलेले असते. खऱ्या मोटारींच्या प्रतिकृती खोक्यात थोड्या असल्या की पहिल्याच दिवशी संपतात. डायनासोरच्या तोंडाच्या, पंख लावलेल्या काल्पनिक गाड्या हुकावर लटकत राहतात. संग्राहक त्यांना ‘पेगवॉर्मर’ म्हणतात. हुक भरलेले दिसतात तोवर दुकानदार नवे खोके मागवत नाही, त्यामुळे नको असलेला माल हव्या असलेल्या मालाची वाट अडवून बसतो. दुकानात दिसणारा तोचतोचपणा बहुतांशी या खोक्याच्या हिशेबातून आलेला आहे, दुकानदाराच्या आवडीनिवडीतून नव्हे.

त्यातच 1995 मध्ये मॅटेलने ‘ट्रेझर हंट’ ही मालिका आणली. पहिल्या वर्षी 12 मॉडेले आणि प्रत्येकाचे फक्त 10,000 नग, तेही इतर गाड्यांत मिसळून. कल्पना मोठी आकर्षक होती, कारण कोणत्याही गावातल्या कोणत्याही दुकानात नशीब फळफळू शकत होते. पण दुर्मीळ वस्तू मूळ किमतीत मिळते म्हटल्यावर ती पुन्हा विकण्याचा धंदा उभा राहिला. खोके फोडण्याच्या वेळी हजर राहणारे, दुकानातल्या माणसाशी संधान बांधणारे, आणि निवडक गाड्या काढून उरलेला गठ्ठा जागेवर ठेवणारे ‘स्कॅल्पर’ आपल्याकडेही तयार झाले. पुण्यातल्या एका दुकानात ताजा माल आल्याचे कळताच मी सकाळी दार उघडताना पोहोचलो होतो. खोके फोडलेले होते, हुक भरलेले होते, आणि यादीतली एकही चांगली गाडी त्यांत नव्हती. ती आदल्या रात्रीच बाहेर गेली होती, हे तिथल्या मुलाने खाली मान घालून सांगितले. माझा राग त्या मुलावर नव्हता. पण शोधाचा आनंद हा ज्या छंदाचा गाभा आहे, त्यात शोधायला काही उरूच दिले जात नाही, याचे दुःख खरे आहे.

सर्वांत मोठा बदल 2019 नंतरचा. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या पाहणीत बाजारातून घेतलेल्या खेळण्यांच्या नमुन्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नमुने सुरक्षेच्या कसोटीत नापास झाले. डिसेंबर 2019 मध्ये आयात होणाऱ्या प्रत्येक खेपेतून नमुना तपासण्याचा आदेश निघाला. फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून एकदम 60 टक्क्यांवर गेले आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक ब्युरोच्या आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकता येईनाशी झाली. हे चिन्ह लावण्याचा परवाना परदेशी कारखान्यालाही लागतो आणि त्यासाठी कारखान्याची तपासणी व्हावी लागते. महासाथीच्या काळात अशी तपासणी जवळजवळ अशक्य होती. खेळण्यांची आयात 2018-19 मधील 37.1 कोटी डॉलरवरून 2021-22 मध्ये 11 कोटी डॉलरवर आली. जानेवारी 2023 मध्ये ब्युरोने महिनाभरातील छाप्यांत चिन्ह नसलेली 18,600 खेळणी जप्त केली; त्यांत मोठ्या साखळी दुकानांतला मालही होता.

मुलांच्या तोंडात जाणारे प्लॅस्टिक आणि रंग तपासलेच पाहिजेत, याविषयी दुमत असू नये. या धोरणाने देशी उत्पादनालाही बळ मिळाले, निर्यात वाढली. अडचण दुसरीकडे आहे. आयएसआय चिन्हाचा हा आदेश 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी असलेल्या वस्तूंना लागू होतो. पण प्रौढाच्या काचेच्या कपाटात जाणारी प्रतिकृती आणि मुलाच्या हातातली गाडी एकाच कारखान्यातून, एकाच नावाने येतात आणि बंदरात त्यांना वेगळे करून दाखवणे छोट्या आयातदाराच्या आवाक्याबाहेरचे असते. ज्या मॉडेलचे वर्षाला जेमतेम दोनशे नग खपणार, त्यासाठी परवाना आणि तपासणीचा खर्च कोणीही करणार नाही. साहजिकच ज्यांचा खप प्रचंड आहे तेच ब्रँड टिकले आणि बाकीच्यांचे येणे अनियमित झाले. 2022 मध्ये एका विक्रेत्याने मला रिकामे कप्पे दाखवून “साहेब, आता हे येतच नाही हो” असे सांगितले, तेव्हा हा सगळा हिशेब त्या एका वाक्यात होता.

देशी पर्याय वाढले आहेत, पण ते बहुतेक मुलांसाठीच आहेत. दिल्लीच्या सेंटी टॉइजची ॲम्बॅसॅडर आणि रिक्षा हा सन्माननीय अपवाद. मागे ओढून सोडायच्या या स्वस्त प्लॅस्टिकच्या गाड्यांनी भारतीय रस्त्यावरची वाहने जशी जपली, तशी कोणत्याही महागड्या परदेशी ब्रँडने जपलेली नाहीत, आणि अनेक संग्राहकांच्या कपाटात त्यांना मानाची जागा आहे.

परदेशातही दुकानांतली जागा आटलीच आहे. अमेरिकेत टॉइज ‘आर’ अस कंपनीने सप्टेंबर 2017 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि जून 2018 अखेर तिची तिथली सातशेहून अधिक दुकाने बंद झाली. संपूर्ण मालिका ओळीने मांडून ठेवण्याइतकी जागा असलेले ते ठिकाण होते. त्याच्या जागी आलेल्या सर्वसाधारण सुपरबाजारांनी खेळण्यांना एक-दोन रांगा दिल्या आणि तिथे चित्रपटांसोबत येणारा, झटपट खपणारा माल ठेवला. मॅटेल आणि हॅस्ब्रो यांनी संग्राहकांसाठीच्या खास वस्तू स्वतःच्या संकेतस्थळांवर नेल्या. म्हणजे प्रौढ ग्राहक कंपन्यांना हवाच आहे. दुकानातल्या मांडणीत मात्र त्याला जागा उरलेली नाही. आपल्याकडे ही वाट दहा मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या ॲप्सकडे वळली आहे. रात्री उशिरा माल चढतो, काही मिनिटांत संपतो, आणि पाकीट उघडल्यावरच गाडीमागच्या पुठ्ठ्याच्या कार्डाचा कोपरा दुमडलेला आहे की नाही ते कळते. हुकावरची बारा पाकिटे चाळून रंग नीट बसलेली, चाके सरळ असलेली एक गाडी निवडण्याची सोय तिथे नाही.